तलावात आणि तलावात

पुरानी बस्ती, रायपूर

चि. सई,

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, नियम पाठ आहे. हालचाल असली की द्वितीया, नसली की चतुर्थी. तरी चुकतंच." चुकणारच! पुण्यात जर्मन शिकताना मीही याच नियमापायी दोन वर्षं मार्क घालवले.

आपला बुढा तलाव आठव. लहानपणी आम्ही काठावरून तलावात उडी मारायचो आणि मग तासभर तलावात पोहायचो. मराठीत दोन्हीकडे 'तलावात'. शेजारच्या काकींच्या छत्तीसगढीतही तेच: तरिया मा कूदिस, तरिया मा नहावत हे. जर्मन माणूस मात्र उडीला 'इन डेन झे' म्हणतो आणि पोहण्याला 'इम झे'. आता पोहणारा काय स्वस्थ बसलेला असतो? पण तो आधीच पाण्यात आहे. हद्द ओलांडली ती उडीने. तेव्हा हालचाल बघू नकोस, हद्द बघ. बागेतल्या बागेत कितीही धावलीस तरी चतुर्थीच. हा घोळ आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन या नऊ शब्दयोगी अव्ययांपुरताच. 'आउस', 'फोन', 'त्सू' यांना कायम चतुर्थी, तिथे डोकं चालवायचंच नाही.

तुझ्या केरळच्या मैत्रिणीला हे लवकर जमलं, यात नवल नाही. मल्याळममध्ये 'वीट्टिल' म्हणजे घरात आणि 'वीट्टिलेक्क' म्हणजे घराकडे, घरात जाताना. (बोलण्याच्या ओघात तीही 'वीट्टिल पोयी' म्हणत असेल, विचार तिला.) आपण मात्र 'घरी आहे' आणि 'घरी गेली'. जर्मनला तिथेही दोन लागतात, 'त्सू हाउझे' आणि 'नाख हाउझे'.

पण खट्टू होऊ नकोस. आपली मराठी पोचताना झोपते आणि निघताना जागी होते. मांजर पलंगाखाली बसतं, पलंगाखालीच शिरतं, पण बाहेर आलं की 'पलंगाखालून'! पेटीतून, माळ्यावरून, दारामागून, जिथून निघाल तिथलं नाव सांगून निघायचं. जर्मनला त्यासाठी 'उंटर डेम बेट हेरफोर' अशी मागे शेपटी जोडावी लागते. तुझ्या बाईंना हे जरूर ऐकव.

काल आजोबांचा फोटो रंगकामानंतर पुन्हा भिंतीवर लावला. आता तो भिंतीवर आहे. ही दोन्ही वाक्यं जर्मनमध्ये करून पाठव. आणि 'वर' दिसलं म्हणून 'आउफ' लिहू नकोस, भिंतीला 'आन' लागतं.

तुझी,
मावशी