उंबरठ्याखालचा आवाज

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि सभागृहासाठी नवे स्पीकर निवडण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. पालकांनी वर्गणी काढून रक्कम जमविली होती. जुने कर्णे पावसाळी हवेत इतके खरखरत की प्रार्थनेच्या शब्दांपेक्षा ती खरखरच अधिक ऐकू येई. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. अलंकार ओळखायला सांगा, ओळखू. स्पीकर ओळखण्याची विद्या आम्हांस कोणी शिकविली नव्हती. तथापि स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन दरवर्षी आम्हीच करतो, एवढ्या पात्रतेवर ही जबाबदारी आमच्याकडे आली.

ही वार्ता कळताच दहावीतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आला. "सर, २०,००० हर्ट्झपर्यंत जाणारेच स्पीकर घ्या," तो म्हणाला. कारण विचारताच त्याने सांगितले, की त्याच्याजवळ एक ध्वनिमुद्रण आहे. कानाला त्यात केवळ पाऊस ऐकू येतो. पण पावसाच्या आड 'माझ्या सगळे लक्षात राहते' अशी वाक्ये दडविलेली आहेत. ते उशाशी लावून तो रोज निजत असे. त्याचे वडील तारवटी, वर्षातील बरेच महिने समुद्रावर. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून त्याने एक लहानसा स्पीकर विकत घेतला होता. त्यातून 'वरचे' स्वर निघत नाहीत, म्हणून आपण चाचणीत नापास झालो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. शाळेने चांगले स्पीकर घेतल्यास प्रार्थनेच्या वेळी साऱ्यांनाच लाभ होईल, असा उदार विचारही त्याने केला होता.

अशा सूचनांना सब्लिमिनल म्हणतात. लॅटिनमध्ये 'लीमेन' म्हणजे उंबरठा. जाणिवेच्या उंबरठ्याखालून मनात शिरणारी ती सब्लिमिनल सूचना. शब्द मोठा मोहक आहे, आणि आम्हीही क्षणभर मोहात पडलो. चाळीस मुलांना दामटून पाठांतर करवून घेण्यापेक्षा असे काही साधले तर कोणता शिक्षक नको म्हणेल?

मग आमच्या विज्ञानशिक्षकांना शरण गेलो. त्यांनी सांगितले, की या प्रकारात दोन वाटा आहेत. पहिलीत शब्द पावसाच्या वा लाटांच्या आवाजाखाली अगदी हळू ठेवतात. त्यासाठी विशेष स्पीकर लागतच नाही. साध्या जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी जाई आणि तेवढ्यात माणसाचे बोलणे समजे. दुसऱ्या वाटेत शब्द १४,५०० ते २०,००० हर्ट्झच्या अतिसूक्ष्म स्वरावर चढवितात. त्याचे पेटंट अमेरिकेत १९९२ साली दिले गेले. या दुसऱ्या वाटेसाठीच स्पीकरची पोच पाहावी लागते. परंतु खोक्यावर '२० ते २०,०००' असे छापले म्हणून भुलू नये. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. शिवाय उंच स्वर अरुंद झोतासारखे सरळ जातात आणि वाटेत खांब आला की अडतात. आणि ध्वनिमुद्रण आकुंचित करून साठविताना १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग पुष्कळदा छाटलाच जातो. स्पीकर कितीही भारी घेतला तरी जे मुळात नाही ते तो कोठून आणणार?

एके शनिवारी प्रयोगशाळेत प्रयोग झाला. विज्ञानशिक्षक एकेक शुद्ध स्वर वाजवीत आणि ज्याला ऐकू येई त्याने हात वर करावयाचा. ८,००० ला सर्वांचे हात वर. १२,००० ला आमचाही होता. १६,००० ला आम्ही निमूटपणे हात खाली घेतला. मुलांचे मात्र वरच. वयाबरोबर कान वरच्या बाजूने झिजत जातात, हे आम्हांस चारचौघांत कळले! आमच्या दहावीच्या मित्राचा हात १७,००० लाही वर होता. "काय ऐकू येते?" आम्ही विचारले. "बारीक शीळ," तो म्हणाला. मग त्याचेच ध्वनिमुद्रण लावले. पाऊस ऐकू आला. शीळसुद्धा आली नाही. आणि शीळ आली असती, तरी तिच्यावर चढविलेले शब्द कानाला उकलता येत नाहीत.

आम्ही त्याला इतिहासही सांगितला. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने जाहीर केले, की चित्रपटाच्या पडद्यावर निमिषमात्र शब्द झळकवून आपण लाह्यांची आणि पेयाची विक्री वाढविली. जगभर खळबळ उडाली. १९६२ साली त्यानेच आपल्या दाव्यात तथ्य नव्हते अशी कबुली दिली. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना स्मरणशक्तीच्या आणि आत्मविश्वासाच्या अशा ध्वनिफिती ऐकावयास दिल्या, मात्र काहींच्या फितींवरील चिठ्ठ्या गुपचूप अदलाबदल केल्या. काही आठवड्यांनी पाहिले, तर कोणत्याच फितीने काही सुधारले नव्हते. पण चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच सुधारले, असे मात्र अनेकांना वाटत होते.

आम्हांस वाटले, आता हा मुलगा हसेल. तो हसला नाही. खाली मान घालून म्हणाला, "सर, पण त्यातला माणूस रोज रात्री मला म्हणायचा, तुला जमेल. म्हणजे, म्हणतो असं मला वाटायचं."

विद्यार्थिमित्रांनो, त्या वाक्यापुढे आमचे सारे हर्ट्झ आणि डेसिबल थिटे पडले. त्याच्या चाचणीच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने 'लक्ष नाही' असे आम्हीच लिहिले होते. ते त्याला स्पष्ट ऐकू गेले होते. 'तुला जमेल' हे मात्र आम्ही कधीच उच्चारले नव्हते. ते तो विकतच्या पावसात शोधीत होता.

आमच्या घरी कोंकणी बोलतात. मराठी आम्हांस शाळेने दिली, आणि शाळेच्याही आधी देवळातल्या कीर्तन-भजनाने. मांडवात पेंगताना ती नकळत कानी पडली, म्हणून क्षणभर वाटले की तीही उंबरठ्याखालूनच आली असावी. पण नाही. आमचे लक्ष नसेल, तरी बुवांचा आवाज खणखणीत होता. लक्ष न देता ऐकणे निराळे आणि मुळी ऐकूच न येणे निराळे. आमची आई म्हणे, "पुता, सांगपाचें आसा जाल्यार उक्तें सांग." सांगायचे असेल तर उघड सांग. मुलांच्या कानांत त्यांच्या नकळत काही घालण्याचा मोह आम्हांस झाला होता, याची त्या दिवशी लाज वाटली. ती सूचना कितीही चांगली असो, मुलांना ती ऐकून नाकारण्याची संधी हवी.

अखेर स्पीकर निवडले ते निराळ्या कसोटीने. एकजण मंचावरून स, श, फ, थ असलेले शब्द वाची आणि शेवटच्या रांगेत बसलेली एक आजी ते लिहून घेई. अशा व्यंजनांची स्पष्टता २,००० हर्ट्झच्या वरच्या भागावर पुष्कळशी अवलंबून असते. ज्या जोडीवर आजींनी सर्वांत कमी चुका केल्या ती जोडी घेतली. ती दुकानातील सर्वांत महाग नव्हती.

आमचा मित्र आता शाळा सुटल्यावर अर्धा तास आमच्यापुढे बसून मोठ्याने इतिहास वाचतो. चुकला की आम्ही सांगतो, जमले की तेही सांगतो, आणि दोन्ही तोंडाने सांगतो. हा अंक छापखान्यात जाईल तेव्हा त्याची परीक्षा व्हावयाची असेल. निकाल काय लागेल ते आज आम्हांस ठाऊक नाही. हा लेख छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखविला. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, "चालेल सर. फक्त नाव नको." ते आम्ही घातलेले नाही.