पंधरा सेंटिमीटर

तुम्ही म्हणाल, फुनाबोरीत माउंटन बाइक? इथे माउंटन आहे कुठे? प्रश्न रास्त आहे. आपल्या एदोगावा वॉर्डातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. चढ म्हणायला दोनच, नदीचा बांध आणि पूल. नदीचं हे पात्रही माणसांनी खणलेलं. १९१०च्या महापुरानंतर आराकावासाठी हा २२ किलोमीटरचा नवा मार्ग खणायला घेतला, १९२४ साली त्यात पाणी सोडलं आणि १९३० साली काम पुरं झालं. डोंगर बघायचा असेल तर टॉवर हॉलच्या मनोऱ्यावर जायचं आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे नजर टाकायची.

तरीही मी गेल्या वर्षी बॅटरीवाली माउंटन बाइक घेतली. त्याला कारणं दोन. एक माझं हृदय आणि दुसरं माझी लेक.

दोन वर्षांपूर्वी मला स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा, पण नाडी १२०च्या आत ठेवा." लेक तिसरीत असल्यापासून आम्ही दोघं रविवारी सकाळी आराकावाच्या काठाने कासाई रिन्काई पार्कपर्यंत सायकलवर जातो. पुढे तिला सपाट रस्ता पुरेनासा झाला. स्वतःच्या साठवलेल्या ओतोशिदामातून तिने साधी माउंटन बाइक घेतली. स्टेंटनंतर मी सोबत असलो की ती पुलाच्या चढावर हळू व्हायची आणि वर पोचली की मोबाइल बघत उभी राहायची. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नसायचं, ते मला कळत होतं. मुलांच्या मागे आपण थांबायची सवय असते. मुलं आपल्यासाठी थांबतात तेव्हा जरा जड जातं. त्यात ती आता कोकोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज कुठल्या गावात मिळेल ते प्रवेश परीक्षा ठरवणार. म्हणजे रविवार आता मोजके.

इलेक्ट्रिक सायकल म्हणजे आपोआप पळणारी गाडी, असा आपल्याकडे समज आहे. मुलांना पुढेमागे बसवून होइकुएनला नेणाऱ्या आपल्या मैत्रिणींना विचारा, त्या हसतील. अशी सायकल जगात पहिल्यांदा यामाहाने १९९३ साली विकायला आणली, ती 'पास'. इथल्या कायद्यानुसार मोटरने फक्त मदत करायची. ताशी १० किलोमीटरपर्यंत तुम्ही पॅडलवर जेवढा जोर लावाल त्याच्या जास्तीत जास्त दुप्पट जोर ती घालते. तिथून पुढे मदत कमी कमी होत जाते आणि २४ला शून्य होते. पाय थांबले की मोटरही थांबते. पूर्वी ही मदत जोराइतकीच असायची, २००८च्या डिसेंबरात ती दुप्पट झाली. दुसऱ्याच वर्षी ठराविक मजबुतीच्या सायकलवर दोन मुलांना बसवायची परवानगी मिळाली, आणि बॅटरीवाल्या ममाचारीने जपान भरून गेला.

माझ्यासारख्या माणसाला ही व्यवस्था सोयीची आहे, कारण मदत सर्वात जास्त मिळते ती हळू चढताना. दम तिथेच लागतो.

सायकल साडेचार लाख येनला पडली. ही किंमत ऐकून बायको अर्धा मिनिट काही बोलली नाही, मग म्हणाली, "पुण्यात तुझ्या बाबांची स्कूटर याहून स्वस्त होती." घेताना मी एक गोष्ट पाळली, ती तुम्हीही पाळा. जपानच्या नियमांनुसार मान्यता मिळालेलंच मॉडेल घ्या. परदेशी साइटवर स्वस्तात मिळणाऱ्या सायकलींना पुष्कळदा हँडलवर अ‍ॅक्सिलरेटर असतो. पॅडल न मारता चालणारी गाडी इथे सायकल धरली जात नाही; तिला नंबर प्लेट आणि सक्तीचा विमा लागतो.

खरी गंमत सायकल घरी आल्यावर सुरू झाली. डोंगरासाठी केलेली सायकल फुनाबोरीच्या मापाची करायची होती. पहिलाच प्रश्न हँडलचा. ते ७४ सेंटिमीटर रुंद होतं. जपानी कायद्यात 'साधारण सायकल' म्हणजे रुंदीला ६० आणि लांबीला १९० सेंटिमीटरच्या आत. त्याहून रुंद सायकल फुटपाथवर, अगदी सायकलला परवानगी असल्याचा निळा फलक असला तरी, चालवता येत नाही. बाजूने ट्रक सुसाट जात असताना मला त्या फुटपाथची सोय हवी होती.

"कापू नकोस ना बाबा," लेक म्हणाली. "डोंगरात उतरताना हँडल रुंदच पाहिजे. नाहीतर फुराफुरा होतं."

"वर्षातले किती दिवस आपण डोंगरात असतो?"

तिने बोटांवर मोजलं. "सहा."

"आणि फुनाबोरीत?"

ती काही बोलली नाही, पण पाइप कटर तिनेच आणला. दोन्ही बाजूंनी साडेसात साडेसात सेंटिमीटर कापलं. मेझर टेप धरून तीनदा मोजलं, ५९ भरलं. ब्रेकचे लिव्हर आणि गियरचं बटण आत सरकवून नव्या ग्रिप बसवल्या. सायकल वळणावर जरा चपळ झाली, आठवड्याभरात हाताला सवय झाली.

मग बाकीची यादी. माउंटन बाइकला स्टँड नसतो, तो लावला. घंटी लावली, मागे लाल रिफ्लेक्टर लावला. पावसाळ्यासाठी मडगार्ड. खडबडीत टायर काढून मधल्या नक्षीचे घातले. डांबरावरची घरघर गेली आणि बॅटरीही जास्त पुरायला लागली. शेवटी मी पुढे टोपली लावून मागितली. दुकानातल्या ओजीसाननी आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिला? टोपली?" मी म्हटलं, निशी-कासाईहून पाच किलो आटा आणायचा असतो. त्यांनी मान डोलावली आणि मागे कॅरियर बसवून दिला. आटा पुढे ठेवला तर हँडल जड होतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

एका गोष्टीला मात्र आम्ही हात लावला नाही. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाने तिला व्हिडिओ दाखवला होता. चाकावरच्या लोहचुंबकावरून सायकलला स्वतःचा वेग कळतो. त्याला फसवलं की २४च्या पुढेही मोटर चालू राहते. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. पण तसं केलं की ती सायकल राहत नाही, रस्त्यावर ती बेकायदा मोपेड होते आणि अपघात झाला तर सायकलचा विमा कामाला येत नाही. मी तिला कोबेचा खटला सांगितला. २००८ साली अकरा वर्षांच्या मुलाची सायकल एका बाईंना धडकली आणि त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. २०१३ साली न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला सांगितली. तीही साधीच सायकल होती. तोक्योत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे. तुमचा नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो काढा. एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरच्या सायकलस्वारांना नियम मोडल्यास निळी पावती मिळते, हे घरातल्या मुलांनाही सांगा.

मे महिन्यात भाड्याच्या व्हॅनमध्ये दोन्ही सायकली घालून आम्ही हाचिओजीला गेलो, वादा खिंडीला. शेवटचा चढ सुमारे साडेतीन किलोमीटरचा, सरासरी दहा टक्के, डांबरी, सुगीच्या झाडीतून. सिंहगडाच्या रस्त्याची आठवण यावी असा. पहिल्या काही वळणांत लेक पुढे होती. मग तिचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी शेजारी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात नाडी ११४ होती.

"झुरुई," ती म्हणाली. लबाडी.

मागेपुढे गाडी नव्हती. दोघंही ताशी सहा-सातने, समोरच्या रस्त्याकडे बघत चाललो होतो. तेव्हा तिने सांगितलं की तिला इंजिनिअरिंगला जायचं नाही. होक्काइदोला जंगलांचा अभ्यास करायचा आहे. घरी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून हे तिला महिनाभर जमलं नव्हतं. मीही तिथे काही बोललो नाही. चढावर लगेच उत्तर द्यावं लागत नाही, हा मोठा फायदा आहे. वर पोचल्यावर पाणी पिताना एवढंच विचारलं, "तिकडे बर्फात सायकल चालते का?"

"टायर बदलायचे," ती म्हणाली.

या दिवाळीत कोणाला अशी सायकल घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाताना खिशात मेझर टेप ठेवा आणि हँडल मोजा. विमा आणि हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढा. भारतात सोबत न्यायचा बेत करू नका. एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. छातीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून, नाडीचा आकडा घेऊनच सुरुवात करा. माझी सायकल चालवून बघायची असेल तर खुशाल या, सीट खालीवर होते. फक्त रविवारी सकाळी नको. मार्च २०२७ पर्यंतचे रविवार, परीक्षेचे सोडून, आधीच ठरलेले आहेत.