पहिले हजार किलोमीटर : पसरणी ते आंबेनळी

दारात नवी गाडी आली की गल्लीत पेढे वाटले जातात, गाडीला हार घातला जातो, मुले आळीपाळीने हॉर्न वाजवून पाहतात. ज्यांच्या वाडवडिलांनी सारा जन्म पायी वाट तुडवली, त्यांच्या घरी हा आनंद व्हायलाच हवा. पण गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेक घरांत उघडलीही जात नाही. वाचक बंधू-भगिनींनो, लिंबू-मिरची टांगून इंजिन टिकत नाही. सुरुवातीच्या हजार किलोमीटरांत आपण त्याला कसे वागवतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

आमच्या पुतण्याने नऊ वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम केले. गेल्या हिवाळ्यात बँकेचे कर्ज काढून त्याने स्वतःची सात आसनी डिझेल गाडी घेतली. पिवळी पाटी, पर्यटन परवाना आणि पाच वर्षांचे हप्ते. तिसऱ्याच दिवशी एका एजंटाचा फोन आला. सात माणसे, टपावर सामान, सातारा ते गोवा, एका दमात जायचे. भाडे चांगले होते आणि पहिल्या हप्त्याची तारीख जवळ येत होती.

घरात दोन मते पडली. आमचे थोरले बंधू अण्णा एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या तरुणपणी नव्या अँबॅसडरच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी लागे आणि गाडी चाळिसाच्या वर नेत नसत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण अण्णांचा तो नियम कायम होता. उलट पुतण्याचे मित्र म्हणत होते, “आताची इंजिने कारखान्यातूनच तयार येतात, बिनधास्त पळव.”

आम्ही पुस्तिका काढून मोठ्याने वाचली. त्यात दोघांच्या मधले सांगितले होते. पहिले हजार किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. बराच वेळ एकाच वेगाने चालवू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नये आणि खालच्या गिअरमध्ये किंचाळवू नये. जड ओझे लादू नये. गोव्याचे भाडे यात बसत नव्हते. पुतण्याने ते नाकारले. नाकारताना त्याचा चेहरा उतरला होता, हे आम्ही पाहिले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरकस रेघा ठेवतात. त्या तेल धरून ठेवतात. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत आपली जागा घेतात. जळणाऱ्या वायूचा दाबच त्यांना भिंतीशी घट्ट धरतो. म्हणून गाडी फारच हळू, भाराविना चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत. भिंत गुळगुळीत होते आणि इंजिन पुढे तेल पिऊ लागते. अति भार दिला तर उष्णता वाढून घासलेल्या जागा खराब होतात. भार हवा, पण बदलता आणि बेताचा.

असा बदलता भार घाटात आपोआप मिळतो. पोलादपूरला आमची धाकटी बहीण राहते. पाच माणसे, दोन पिशव्या आणि जाऊन येऊन सुमारे दोनशे किलोमीटर, असा बेत ठरला. “नव्या गाडीला घाट दाखवू नका,” असे शेजाऱ्यांनी बजावले. अण्णा म्हणाले, “घाट वाईट नसतो, घाई वाईट असते.”

पहाटे साताऱ्याहून निघून वाईला आलो. पुढे पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचे, पण चढ सलग आणि वळणे दाट. पुतण्या तिसऱ्या गिअरवर रेंगाळला तसे इंजिन धडधडू लागले. अण्णांनी लगेच सांगितले, “दुसरा टाक. त्याला ओढायला लावू नकोस, फिरू दे.” दुसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढला, पण थरथर थांबली. नवशिक्याला आवाजाची भीती वाटते. खरे तर कमी फेऱ्यांत मोठा भार ओढणे हेच इंजिनाला जास्त जाचते. वळणावर थांबून पाहिले, तर खाली वाई, कृष्णेचे पात्र आणि पलीकडे धोम धरणाचे पाणी उन्हात चमकत होते.

पाचगणीनंतर महाबळेश्वरच्या रस्त्यावरून भिलारला वळलो. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव २०१७ च्या मे महिन्यात ‘पुस्तकांचं गाव’ झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांत पुस्तके ठेवून वाचकांसाठी दारे उघडली आहेत. गाडी उभी केल्यावर पुतण्याने मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवले, मग बंद केले. चढ चढून आलेल्या टर्बोला तेवढा विसावा द्यावा. मुले तासभर ओसरीवर वाचत बसली आणि इंजिन निवले. तापणे आणि निवणे हाही त्याच्या जडणघडणीचा भाग असतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच. तिथून पोलादपूरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरांत रस्ता थेट कोकणात उतरतो. हा आंबेनळी घाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली. आमच्यासारखेच नोकरदार लोक होते ते. त्या वळणांवरून जाताना गाडीत कोणी बोलत नव्हते.

उतारावर पुष्कळ चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. हे घातक आहे. आताच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंधन आपोआप बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला इंधन लागतेच. शिवाय इंजिनाची पकड सुटते आणि सारा भार ब्रेकवर येतो. नव्या गाडीचे ब्रेकही पहिले काहीशे किलोमीटर नीट बसायचे असतात. म्हणून चढाला लागेल तोच गिअर उताराला टाकावा, ब्रेक थोडा दाबून सोडावा, सतत दाबून धरू नये. अरुंद जागी चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तो कायद्याचाही नियम आहे.

दुसऱ्या दिवशी तोच घाट चढायचा होता. खरी परीक्षा ती होती. कापडे मागे पडल्यावर चढ सुरू झाला. पुतण्या तापमानाचा काटा आणि रस्ता यांवर आळीपाळीने नजर ठेवून होता. प्रतापगडाच्या फाट्यापाशी वाडा-कुंभरोशीला टपरीवर चहा घेतला. काटा मध्याच्या वर गेला नव्हता. परतताना मेढ्याच्या वाटेने केळघर घाट उतरलो आणि वेण्णेच्या खोऱ्यातून साताऱ्याला पोचलो.

सकाळी सपाट जागेवर गाडी उभी असताना, इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी पाहिली. तेल घटले नव्हते. आणखी काही दिवस जवळची, हलकी भाडी करून हजार किलोमीटर भरले, पहिली सर्व्हिसिंग झाली आणि मग लांबचे भाडे घेतले. पहिला हप्ता भरायला वहिनींनी बचत गटातून थोडे पैसे उचलले. ते पुढच्या महिन्यात फेडले.

आपल्या घरांतील अनेक तरुण आज कर्जावर गाडी घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की पहिल्या आठवड्याची कमाई पाहून पुढच्या पाच वर्षांची कमाई धोक्यात घालू नका. आणि घरच्यांनीही त्या दिवसांत “गाडी उभी का?” असे विचारून त्यांच्यामागे तगादा लावू नये. हप्ता पाच वर्षे चालतो. इंजिनही तेवढे, आणि त्यापुढेही, चालले पाहिजे.