भंडारदऱ्याच्या काठी चार दिवस

उन्हाळ्याच्या सुटीत कोठे जावयाचे हा प्रश्न आमच्या घरी दरसाल चैत्रात निघतो, आणि तो सुटेपर्यंत बहुधा वैशाख संपत येतो. एकत्र कुटुंब म्हटले की आवडीनिवडी अनेक. यंदा मुलांनी समुद्रकाठच्या एका मोठ्या विश्रामधामाची चित्रे सर्वांपुढे ठेवली. समोर समुद्र, मागे गोल्फची हिरवीगार मैदाने, टेनिसची पटांगणे, पोहण्याचे तलाव, आणि सज्ज्यात बसून चहा घेणारी मंडळी! पाहून कोणाचेही मन लोभावे. परंतु भाड्याचा आकडा ऐकताच थोरल्या काकांनी चष्मा काढून ठेवला, आणि आत्या म्हणाल्या, "आपल्या बारा माणसांत गोल्फ येतो कोणाला?" यावर मुलांनाही हसू आवरले नाही. आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही हे खरे; तथापि त्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत भंडारदऱ्याचा विस्तीर्ण जलाशय आहे, व त्याच्या काठी उतरण्याच्या सोयीही आता पुष्कळ झाल्या आहेत. तेव्हा समुद्राऐवजी भंडारदरा असा निर्णय झाला, आणि मे महिन्याच्या अखेरीस आम्ही निघालो.

नगरचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. आमच्या वडील मंडळींच्या तोंडी मात्र अजून नगरच बसलेले आहे. येथून भंडारदरा दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक दूर. राहुरी सोडल्यावर कोल्हारला प्रवरा नदी भेटते, आणि पुढे लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा सारा रस्ता कधी जवळून, कधी दुरून तिच्याच काठाने वर चढत जातो. म्हणजे या प्रवासात आपण एका नदीच्या मुखाकडून मूळाकडे जात असतो. नगरच्या आसपास मे महिन्यात जमीन भाजून निघालेली असते. लोणीच्या परिसरात मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ऊस उभा. येथेच १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला व एका मोठ्या चळवळीचा पाया घातला. हा हिरवेपणा गाडीच्या खिडकीतून पाहून आम्ही "वा!" म्हटले आणि पुढे गेलो. तो कोठून आला याचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही.

अकोल्यास प्रवरेच्या तीरावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे. तेथे दर्शन घेऊन, झाडाखाली दशमी-चटणीची शिदोरी सोडून, आम्ही राजूरमार्गे वर चढलो. डोंगर जवळ येऊ लागले, हवेतील धग ओसरली, आणि दुपार कलता कलता शेंडी गावाशी पोहोचलो. समोर धरणाची काळी भिंत व तिच्यामागे डोंगरांच्या कड्यात अडकलेले निळे पाणी दिसताच मुलांनी एकच गलका केला.

या धरणाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८७६ ते ७८ चा व पुढे १८९९ चा असे दोन भीषण दुष्काळ नगर जिल्ह्याने भोगले. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पडावा आणि पूर्वेकडील तालुके कोरडे राहावे, ही या जिल्ह्याची जुनी दशा. ते माथ्यावरचे पाणी अडवून खाली न्यावे म्हणून १९१० साली काम सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून धरणास विल्सन धरण म्हणू लागले. भिंतीची उंची सुमारे २७० फूट. त्या काळी एवढे उंच धरण हिंदुस्थानात विरळाच. जलाशय भरला म्हणजे त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. ते प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्याशी जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील शेतांवर पोहोचते.

आम्ही एका खाजगी विश्रामधामी उतरलो. सरकारी पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही जलाशयाच्या काठीच आहे, आणि ज्यांस मोकळी हवा प्रिय त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी तंबूंचीही सोय केलेली असते. आमच्या खोल्या प्रशस्त, अंथरुणे स्वच्छ, आणि पुढील सज्जातून पाणी व त्यापलीकडे डोंगर दिसत. हिरवळीवर बॅडमिंटनचे जाळे, आत टेबलटेनिस, कॅरम, बुद्धिबळ. गोल्फ नव्हता, परंतु धाकट्यांनी काठ्या व रबरी चेंडू घेऊन हिरवळीवर त्याची नक्कल सुरू केली, आणि काकांनी पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात घातला तेव्हा आत्यांना आपला प्रश्न मागे घ्यावा लागला. जेवणात पिठले, नाचणीची भाकरी, ठेचा आणि इकडच्या तांदळाचा मऊ वाफाळता भात. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. पानातल्या भाताकडे पाहून वहिनींनी ती हकीकत मुलांना सांगितली, तेव्हा ताटात काही टाकण्याची कोणाची छाती झाली नाही.

पाहावयास येथे चार दिवस अपुरे पडतात. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळी पहाटे बारी गावी जाऊन कळसूबाई चढली. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वाटेतील कठीण जागी लोखंडी शिड्या आहेत. तरीही गुडघे चांगलेच बोलतात. आम्ही वडील मंडळी मोटारीने रतनवाडीस गेलो. रतनगडाच्या पायथ्याचे अमृतेश्वराचे मंदिर जुन्या शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे खांब, शेजारची पुष्करिणी आणि भोवतीची शांतता यांत सकाळ कशी गेली ते कळले नाही. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या परिसरात. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की पायांखाली कोकण एकदम खोल पसरलेले दिसते, आणि वारा असा येतो की उपरणे सावरावे लागते.

परंतु मुलांना सर्वांत आवडला तो धरणाखालचा छत्रीसारखा धबधबा. भिंतीच्या खालच्या दारातून सुटलेले पाणी एका गोलसर खडकावरून चहूंकडे सारखे पसरते व उघडलेल्या छत्रीचा आकार घेते. एरवी उन्हाळ्यात तो कोरडा असण्याचाच संभव. आमच्या भाग्याने त्या वेळी पाणी सोडलेले होते. तुषार अंगावर घेत मुले तेथून हलेनात.

तिकडे जलाशयाविषयी मात्र घरात कुरकुर चालू होती. सज्जातून पाणी दिसे खरे, पण त्याच्या अलीकडे चिखल, भेगा पडलेली माती व उघडे खडक यांचा रुंद पट्टा होता. चित्रात पाणी थेट हिरवळीपर्यंत आलेले, आणि येथे नौकेत बसावयास बरेच अंतर चालत उतरावे लागले! आमच्यापैकी एकाने नाववाल्यापाशी तक्रार केली, की एवढे भाडे भरून तळे मात्र निम्मेही नाही. नाववाला इकडचाच, महादेव कोळी समाजाचा वयस्क गृहस्थ. वल्हे न थांबवता तो म्हणाला, "उन्हाळी आवर्तन चालू हाय, साहेब. ते पाणी खालच्या लोकांचं. आमच्या वाट्याला त्याचा काठ."

आवर्तन म्हणजे कालव्यांना ठरावीक पाळीने सोडावयाचे पाणी. म्हणजे ज्या छत्रीखाली मुले आनंदाने भिजत होती, तीच आमचे तळे रिकामे करीत होती, आणि लोणीला ज्या उसाला आम्ही "वा!" म्हटले, तो याच पाण्यावर उभा होता. काकांचे सासर श्रीरामपूर तालुक्यात. ते बराच वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "आमच्या लग्नातली साखरसुद्धा इथलीच म्हणायची!"

त्या नाववाल्याने आणखीही सांगितले. पाण्याच्या तळाशी त्यांच्या पूर्वजांची शेते आहेत. पावसाळ्यात घरे गळेपर्यंत पाऊस पडतो. परंतु डोंगर उतरणीचे, ते पाणी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात उंचावरील वाड्यांतील बायकांना हंडे घेऊन लांबची विहीर गाठावी लागते. हे ऐकून आम्हांस आदल्या दिवसाची गोष्ट आठवली. विश्रामधामाचा पोहण्याचा तलाव एक दिवस बंद होता, कारण पाण्याचा टँकर आला नव्हता. आणि आम्ही त्याबद्दल व्यवस्थापकास दोन शब्द ऐकवले होते. आमच्या खोलीत पाणी भरणारा मुलगा वरच्याच एका वाडीचा. घरी पाणी कोण भरते असे आत्यांनी विचारले, तेव्हा "आई," एवढेच उत्तर त्याने दिले. तलाव दुसऱ्या दिवशी भरला, परंतु आमच्या मुलांपैकी कोणी त्यात उतरले नाही. त्यांना आम्ही काही सांगितले नव्हते.

शेवटची रात्र काजव्यांची. मृगाच्या आधीचे हे दोन-तीन आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे असंख्य जमतात. नर काजवे एका लयीत प्रकाशतात आणि विझतात. सारे झाड एकदम उजळते व एकदम काळोखात बुडते. हा प्रकाश मादीस बोलावण्यासाठी असतो, आणि पंख फुटल्यावर त्यांचे आयुष्य थोड्याच दिवसांचे. तेवढ्यात ही भेट झाली नाही, तर पुढील वर्षाचे काजवे जन्मावयाचे नाहीत. असे असता आम्हीही त्या रात्री मोटारीचे दिवे लावूनच गेलो! आमच्यापुढे मोटारींची रांग, प्रत्येकीचा झोत झाडांवर, वर संगीत. जेथे उजेड पडे तेथील झाड विझून जाई. एका वळणावर काकांनी गाडी बाजूस घ्यावयास लावली, दिवे मालवले, आणि सर्वांना गप्प बसविले. पाच-सात मिनिटांनी डोळे अंधारास सरावले, आणि समोरचा सादडा मुळापासून शेंड्यापर्यंत लुकलुकू लागला. धाकट्या नातीने आत्यांचा हात घट्ट धरला होता. अर्धा तास कोणी बोलले नाही.

हा सारा मुलूख कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. ते १९८६ साली घोषित झाले. काजव्यांच्या दिवसांत वनखाते प्रवेशाचे नियम ठरविते, ते कटकट म्हणून पाहू नयेत. जाणाऱ्यांस आमची विनंती अशी, की मोटार गावातच ठेवावी आणि गावचा वाटाड्या घेऊन पायी जावे. त्यास चार पैसे मिळतात व काजव्यांस काळोख मिळतो. भरलेले तळे पाहावयाचे तर श्रावणानंतर जावे. उन्हाळ्यात गेल्यास ते उतरलेलेच पाहण्याची तयारी ठेवावी. विश्रामधामी उतरताना पाणी कोठून येते हे विचारावे, आणि बादलीने स्नान करावे. हिरडा व करवंदे विकणाऱ्या बायांशी घासाघीस करू नये.

परतीच्या वाटेवर प्रवरेचा कालवा लागला. दुथडी भरून वाहत होता. मुलांनी गाडी थांबवावयास लावली व पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. "हे आपलं तळं चाललंय," धाकटी म्हणाली. "आपलं नव्हे गं," तिच्या दादाने तिला समजावले, आणि नाववाल्याची सारी हकीकत तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितली. भाद्रपदात गौरी-गणपती आटोपले की आम्ही पुन्हा जाणार आहोत. मुक्काम या खेपेस वाडीतील एका घरी ठरविला आहे. आत्यांनी त्या पाणी भरणाऱ्या मुलाकडून पत्ता आधीच लिहून घेतला होता.