बीदरचा किल्ला पाहावयास जाताना

सुटी लागली की मुलांना तोफा-तलवारी पाहण्याची हौस येते. त्यासाठी आपल्या सीमाभागातील कुटुंबांनी दूरच्या शहरातील युद्धसंग्रहालय गाठण्याचे कारण नाही. कलबुर्गी व बीदर येथील किल्ले मिळून एक विस्तीर्ण युद्धसंग्रहालयच आहे. मात्र आधी नीट आखणी करावी. नाहीतर नुसते दगड पाहून घरी परतावे लागते.

प्रवास इतिहासाच्या क्रमाने करावा. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले, त्याची राजधानी कलबुर्गी. म्हणून आरंभ तेथून. किल्ल्याच्या बुरुजावरील 'बारा गजी' तोफ सुमारे २९ फूट लांब आहे. तिची लांबी मुलांना पावलांनी मोजू द्यावी. दुसरे दिवशी हुमनाबादमार्गे बीदर गाठावे; २०१७ पासून या मार्गाने रेल्वेही धावते.

पंधराव्या शतकात अहमदशहा वली याने राजधानी बीदरला नेली. तेथील किल्ल्याचा कातळात खोदलेला तिहेरी खंदक सावकाश पाहावा. आतील संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. पुरातत्त्व खात्याची संग्रहालये बहुधा शुक्रवारी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करावी. उन्हाळा टाळावा आणि पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी.

एवढी भक्कम तटबंदी असूनही १६५७ मध्ये औरंगजेबाने हा किल्ला सुमारे महिनाभराच्या वेढ्यानंतर घेतला. दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणांतिक जखमी झाला. रक्षणासाठी साठविलेली दारूच रक्षणकर्त्याच्या जिवावर उठली!

किल्ला पाहून लगेच परतू नये. गावातील महमूद गवानाचा मदरसा अवश्य पाहावा. या विद्याप्रेमी वजिराने १४७२ मध्ये तो बांधला. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. गुरु-शिष्य एकत्र राहत. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस या विद्यालयात दारूगोळा साठविला गेला; त्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. दोन मिनारांपैकी एकच आज उभा आहे.

तोफा शाबूत राहिल्या, शाळा मात्र अर्धी उरली. आईबापांनी त्या एकट्या मिनारापाशी क्षणभर थांबून, दुसरा कोठे गेला, हे मुलांना विचारावे. युद्धाचा खरा हिशेब त्या रिकाम्या जागेत त्यांना वाचता येईल.