कापसाच्या गावातली पुंजी

यवतमाळ जिल्ह्यात स्वतःचा धंदा म्हणजे शेवटी कापसाचाच धंदा, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. 2017मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली. असं साल आलं की कृषी केंद्राची उधारी थकते, कापडदुकानातली लग्नसराई आटते, टेलर आणि सुतारही रिकामे बसतात. म्हणून पगार नसलेल्या माणसाने म्हातारपणाच्या पैशाचा विचार व्याजदरापासून सुरू करू नये, असं मला वाटतं. कापूस बुडाला तर हा पैसाही बुडेल का, हे आधी बघावं. पंचविशीतली कमाई दुकानाच्या मालात जाते, चाळिशीत प्लॉट घेतला जातो, पन्नाशीत उरलंसुरलं पतसंस्थेत. पैसा तीन ठिकाणी विभागल्याचं समाधान मिळतं, पण तिन्ही उभी एकाच पावसावर! गावातल्या ओळखीचा भरवसाही पुरत नाही. यवतमाळच्याच बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर 2021मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पुढच्या वर्षी परवाना गेला. तिथे निदान 5 लाखांपर्यंत ठेवविमा होता; पतसंस्थेला तोही नसतो.

मग पोस्टातला पीपीएफ मला सरस वाटतो. वर्षाला किमान 500 रुपये भरले की खातं चालू राहतं. बाकीचं कापसाचा पैसा हातात खेळतो तेव्हा, दिवाळी ते संक्रांत, एकदम भरता येतं. 7.1 टक्के दर टिकला तर वर्षाला 12 हजार भरून 25 वर्षांत सव्वाआठ लाखांच्या आसपास होतात. पैसा 15 वर्षं अडकतो, अशी तक्रार असते. धंद्यातल्या माणसासाठी तोच त्याचा गुण. शिवाय देणेकऱ्याने हुकूमनामा आणला तरी या खात्यावर जप्ती येत नाही. अटल पेन्शन का नको? तिशीत शिरलेला महिना 577 रुपये भरून साठीनंतर 5000 मिळवतो, पण महागाई 6 टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या 870 रुपयांएवढी. जोड म्हणून ठीक, आधार म्हणून नाही. चाळिशीच्या आतल्याने थोडा पैसा 2009पासून सर्वांना खुल्या असलेल्या एनपीएसमधून शेअरबाजारातही घालावा. चढउतार तिथेही आहेत, पण ते बोंडअळीमुळे येत नाहीत.

आधी कर्ज फेडावं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सावकाराकडून शेकडा तीनने घेतलं असेल तर बचतीची गोष्टच नको. पण 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. ते डोक्यावर आहे म्हणून पीपीएफचा भरणा थांबवायचं कारण नाही.