न चाखता चव राखणे

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ पडले की नाही, पाक साधला की नाही, हे वासावरून आणि हाताच्या अंदाजानेच ओळखावे लागते. प्रयोगशाळेतही अशी न चाखता सांभाळावी लागणारी एक पाकसिद्धी असते, हे मला पुण्यात पेशीसंवर्धनाचे काम करणाऱ्या माझ्या पुतणीकडून कळले.

प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात वाढवून त्यांच्याकडून लसी व औषधे करवून घेतात. त्यांचे एक मुख्य अन्न ग्लुकोज. ते संपले तर पेशी उपाशी मरतात. फार दिले तर त्या त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याला आंबट करणारे हेच आम्ल साचले की त्यांची वाढ खुंटते. म्हणून ग्लुकोज वरचेवर मोजावे लागते. परंतु पात्र सारखे उघडले तर जंतू शिरतात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालावा तशी गत!

येथे जैवसंवेदक कामी येतो. त्याची कल्पना १९६२ मध्ये अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी मांडली. विद्युदग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पातळ थर असतो. अनेक पदार्थांतून ते नेमके ग्लुकोज हेरते. त्या क्रियेत प्राणवायू खर्ची पडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्यापासून मिळणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह ग्लुकोजचे प्रमाण सांगतो. मात्र पात्र १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करतात आणि विकर त्या उष्णतेत टिकत नाही. म्हणून पुष्कळदा बंद नळीतून थोडा द्रव बाहेर घेऊन मोजतात.

हे ऐकताना मला पडावातील आमच्या घरातली श्रावणातली एक पहाट आठवली. सासूबाई मधुमेही. इन्सुलिन घेतले होते, पण रात्री जेवण गेले नव्हते. अंग घामाने चिंब, बोलणे असंबद्ध. बोटातला थेंब पट्टीवर ठेवला. आकडा आला ५२. लगेच साखरेचे पाणी पाजले, तेव्हा हळूहळू त्या भानावर आल्या. त्या पट्टीवरही असेच विकर असते. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे सुमारे एक ग्रॅम ग्लुकोज असते. हॅरी ईगल यांनी १९५९ मध्ये पेशींसाठी सिद्ध केलेल्या द्रवातही तेवढेच!

पुतणीची हकीकत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे त्या पेशींनाही आग्रह चालत नाही तर!"

आपल्या पंक्तीत आग्रहाला मोठा मान. परंतु ज्याला वाढायचे त्याला या घटकेला किती हवे, हे आधी जाणून घेणे हीदेखील मायाच होय.